पस्तावलात का?

५ डिसेंबर २०२५, शुक्रवार. राज्यातल्या सरकारला त्या दिवशी एक वर्ष पूर्ण झालं. आदल्या रात्रीच आमचं रिलीज गेलं होतं, त्यामुळे हापिसात काम कमी आणि चहा जास्त असा प्रकार. अशात टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी पोल टाकला : "वर्षापूर्वी दिलेल्या मताचा पस्तावा होतोय का?" पर्याय तीन. होय, नाही, आणि मत दिलं होतं कुणी? तिसऱ्या पर्यायाला सगळ्यात जास्त मतं पडली हे काही वेगळं सांगायला नको. :-)

मला तो पोल भलताच आवडला. इतका, की तिसरा पर्याय काढून टाकून मी तो आमच्या नेकनूरच्या गल्लीच्या ग्रुपवरही टाकला.

नेकनूर म्हणजे माझं गाव, बीड तालुक्यातलं. मांजरसुंब्याहून केजकडे निघालात की वाटेत लागतं. वारकरी मंडळींना बंकटस्वामींमुळे माहीत असतं, बाकीच्यांना आठवडी बाजारामुळे. गल्लीचा ग्रुप लॉकडाऊनमध्ये टँकर कधी येणार हे कळावं म्हणून काढला होता. पुढे टँकर थांबले, ग्रुप राहिला. त्यात आमचे आप्पा आहेत (म्हणजे वडील, बाजारपेठेत त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे) आणि शेजारच्या दुकानातले अण्णाही आहेत. हे अण्णा म्हणजे दहावीच्या परीक्षेला मला रोज स्वतःच्या स्कूटरवर केंद्रावर सोडणारे.

पोल टाकला आणि मी जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर एकही मत नाही. फक्त एक ओळ : अण्णा ग्रुपमधून बाहेर पडले.

रात्री आप्पांचा फोन आला. "कशाला टाकलंस ते?" एवढंच विचारलं आणि पावसापाण्याचं बोलून फोन ठेवला.

आता थोडं मागचं सांगतो. २०२४च्या मे महिन्यातली बीडची लोकसभा निवडणूक ज्यांनी तिथे राहून पाहिली त्यांना जास्त सांगायला नको. मराठा आणि ओबीसी असे दोन तट गावोगावी पडले. कुणाच्या दुकानात जायचं, कुणाकडे जायचं नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. आमचं आणि अण्णांचं घर या रेघेच्या दोन बाजूंना. भांडण झालं नाही, पण पंचवीस वर्षं रोज एका किटलीतून होणारा चहा बंद झाला. २०२५च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत अण्णांच्या दुकानात पाणी शिरलं, तेव्हा आप्पांनी त्यांची पोती आपल्याकडे ओढून घेतली आणि चहा हळूहळू परत सुरू झाला. आणि त्यावर मी हा पोल टाकला होता!

शहरात "पस्तावलात का?" हा टाइमपास प्रश्न आहे. गावात तो "आता तरी कबूल करा" असा ऐकू येतो, हे मला आप्पांच्या त्या तीन शब्दांनंतर कळलं. म्हणून शनिवारी सकाळची गाडी धरली. पण सहा-सात तासांचा प्रवास, मोबाईलला रेंज, आणि डोक्यात इंजिनियरी किडा. प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला हे मान्य, पण प्रश्न तर खरा आहे ना? नव्या सरकारच्या पहिल्या वर्षानंतर मतदाराला खरंच पस्तावा होतो का? आणि होत असेल तर तो मोजायचा कसा?

चाचणी घ्यायची तर अशी वेळ हवी की सरकार नवं आहे, वर्ष झालंय, आणि त्याच मतदारांनी पुन्हा मत दिलंय. नशिबाने महाराष्ट्राच्या इतिहासात अशी वेळ आली आहे. आणि तिच्या मध्यभागी आमचा जिल्हाच आहे.

*

फेब्रुवारी १९९५. विधानसभेचं मतदान जवळपास ७२ टक्के झालं. त्याआधी गोपीनाथ मुंडे संघर्ष यात्रा घेऊन शरद पवारांच्या सरकारविरुद्ध राज्य पिंजून काढत होते. निकाल लागला : काँग्रेस ८०, शिवसेना ७३, भाजप ६५ आणि अपक्ष तब्बल ४५. हे अपक्ष बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर. त्यांतल्या बऱ्याच जणांचा पाठिंबा घेऊन १४ मार्च १९९५ला शिवाजी पार्कवर मनोहर जोशींचा शपथविधी झाला. उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले परळी तालुक्यातल्या नाथ्र्याचे मुंडे. काँग्रेसच्या कुळात न वाढलेला मुख्यमंत्री महाराष्ट्राला पहिल्यांदाच मिळाला, आणि बीडच्या माणसाला पहिल्यांदा असं वाटलं की मंत्रालयात आपलं कुणीतरी बसलंय.

आता त्या सरकारचं पहिलं वर्ष बघा. १ मे १९९५ला एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. बॉम्बेचं अधिकृत मुंबई झालं. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू असं मुंडे प्रचारात सांगत होते. त्यांच्याच समितीच्या अहवालावरून ऑगस्ट १९९५मध्ये सरकारने तो करार रद्द केला. टाळ्या! आणि १९९६च्या जानेवारीत त्याच सरकारने सुधारित करार करून तोच प्रकल्प परत आणला, आधीपेक्षा मोठा करून. त्याच महिन्यात मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग गुंडाळला (तो मे महिन्यात पुन्हा नेमावा लागला). झोपडपट्टीतल्या ४० लाख लोकांना मोफत घरं देण्याचं वचन होतं, ते पहिल्या वर्षात जमिनीवर उतरण्यासारखं नव्हतंच.

म्हणजे पस्तावा व्हायला हवा असेल तर सामग्री भरपूर होती. आजच्यासारखे मीम असते तर एन्रॉनवर नुसता पूर आला असता.

आणि बरोब्बर तेव्हाच परीक्षा आली. १९९६च्या एप्रिल-मेमध्ये लोकसभेचं मतदान झालं. सरकारला तेव्हा तेरा-चौदा महिने झाले होते. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी भाजपला १८, शिवसेनेला १५, काँग्रेसला १५. युतीच्या ३३! बीडमध्ये भाजपच्या तिकिटावर रजनी पाटील निवडून आल्या. बीड लोकसभा भाजपने पहिल्यांदा जिंकली ती तेव्हा.

झालं, उत्तर मिळालं. पहिल्या वर्षानंतर पस्तावा नाही. मी पाथर्डीच्या आसपास कुठेतरी मोबाईल खिशात ठेवला. पण इंजिनियरला पहिल्याच रनमध्ये टेस्ट पास झाली की संशय येतो. :-) म्हणून पुढचे निकालही काढले.

*

पुढचा निकाल १९९८चा. फेब्रुवारीत पुन्हा लोकसभा. या वेळी युतीच्या ३३ जागांच्या १० झाल्या (शिवसेना ६, भाजप ४). काँग्रेस ३३ वर, सोबत रिपब्लिकन पक्षाचे ४ आणि शेकापचा १. वर्तमानपत्री भाषेत मतदारांनी युतीला "धडा शिकवला". पहिल्या वर्षी पस्तावा नाही, तिसऱ्या वर्षी पस्तावा. कथा छान जुळते.

पण मतांची टक्केवारी काढली की ही कथा कोसळते. १९९६ला युतीला मिळाली होती सुमारे ३९ टक्के मतं. १९९८ला सुमारे ४२ टक्के. म्हणजे जागा एक तृतीयांशापेक्षाही कमी झाल्या आणि मतं वाढली! मग झालं काय? १९९६ला समोरची मतं फुटली होती. १९९८ला पवारांनी रिपब्लिकन गट आणि समाजवादी पक्षाला सोबत घेऊन एकास एक लढत लावली. युतीला मत दिलेला माणूस एकगठ्ठा पस्तावून पलीकडे गेला, असं या आकड्यांतून तरी दिसत नाही. विरोधात असलेली मतं मात्र पहिल्यांदा एका ठिकाणी आली.

बरं, १९९९? सप्टेंबरात विधानसभा आणि लोकसभा एकदमच झाल्या आणि युतीची राज्यातली सत्ता गेली. शिवसेना ६९, भाजप ५६, काँग्रेस ७५, नवी राष्ट्रवादी ५८. आता तरी पस्तावा? तर विधानसभेला युतीची मतं १९९५मध्ये सुमारे २९ टक्के होती, ती १९९९मध्ये सुमारे ३२ टक्के झाली. पुन्हा वाढलीच. बदललं काय, तर अपक्ष ४५ वरून १२ वर आले. १९९५ला काँग्रेसवर रुसून बंडखोरांच्या मागे गेलेला मतदार मोठ्या प्रमाणात दोनपैकी एका काँग्रेसकडे परत गेला असावा.

हे वाचताना मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो त्या २९ टक्क्यांचा. महाराष्ट्रातलं इतकं गाजलेलं सत्तांतर, आणि मत देणाऱ्यांपैकी दर दहांत सात जणांनी त्या सरकारला मत दिलेलंच नव्हतं. मग वर्षानंतर "मतदार पस्तावले का?" हे आपण कुणाला विचारतो? ज्यांनी सरकार निवडलं त्यांना, की ज्यांनी निवडलंच नव्हतं आणि पहिल्या दिवसापासून नाराज आहेत त्यांना? ऑफिसमधल्या पोलवर "होय" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी सरकारच्या विरोधात मत दिलं होतं हे मला पक्कं ठाऊक आहे. पस्तावा करायला आधी ते मत तर द्यायला हवं ना!

इथे एक प्रामाणिक कबुली. टक्केवारी तीच राहिली किंवा वाढली म्हणजे माणसं तीच राहिली असं नाही. शंभर जण आले आणि ऐंशी गेले तरी बेरीज वाढलेलीच दिसते. त्या ऐंशींच्या मनात काय होतं हे निकालाच्या तक्त्यात कुठेच नसतं.

आणि आमच्या जिल्ह्यापुरती आणखी एक मेख आहे. मत द्यायला गावात असतं कोण? बीडमधून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीनंतर कोयता आणि पोरंबाळं घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, ती थेट उन्हाळा तोंडावर आल्यावर परततात. आता वरच्या तारखा पुन्हा बघा. १९९५चं मतदान फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात. १९९६चं एप्रिल-मेमध्ये, माणसं घरी. १९९८चं परत फेब्रुवारीत. मतदार यादी तीच, पण रांगेत उभी राहणारी माणसं वेगळी. १९९५ आणि १९९६च्या निकालांची तुलना करून बीडच्या मतदाराचं मन बदललं की नाही हे सांगणं म्हणजे दोन वेगळ्या सर्व्हरवर चाचणी घेऊन कोड सुधारला म्हणण्यासारखं आहे. (तरी १९९८ला राज्यात युतीचं पानिपत झालं असताना बीडने भाजपचेच जयसिंगराव गायकवाड निवडून दिले. त्यामुळे सगळं काही हंगामावर ढकलता येत नाही.)

*

युतीचा हा किस्सा एकटाच असता तर सोडून दिला असता. पण त्याआधी असंच एकदा झालं होतं.

मार्च १९७७. आणीबाणीनंतरची निवडणूक. दिल्लीत जनता पक्षाचं सरकार आलं आणि बीडने चक्क मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर अप्पा बुरांडे लोकसभेत पाठवले. (हल्लीच्या मित्रांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. १९६७ला तर क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडून बीडचे खासदार झाले होते!) अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९७८ला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान झालं. दिल्लीतल्या जनता सरकारची भांडणं तोवर चव्हाट्यावर आली होती. तरीही सगळ्यात जास्त जागा मिळाल्या जनता पक्षाला, ९९. दोन काँग्रेसना ६९ आणि ६२. सरकार मात्र दोन्ही काँग्रेसनी मिळून केलं, वसंतदादांचं. ते चार महिन्यांत पाडून जुलैत पवारांनी पुलोदचं सरकार बनवलं, ज्यात जनता पक्ष होता. आणि जानेवारी १९८०मध्ये लोकसभेला इंदिरा काँग्रेसला राज्यातल्या ४८ पैकी ३९ जागा. बीडही त्यांच्याकडे, केशरबाई क्षीरसागर.

नमुना तोच दिसतो. पहिल्या वर्षाअखेर मतदार जागेवर, आणि पलटी नंतर.

असं का होत असावं? एक कारण माणसाच्या मनात आहे. १९६८ साली नॉक्स आणि इंकस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर एक साधा प्रयोग केला. पैज लावायला रांगेत उभ्या असलेल्यांना विचारलं, तुमचा घोडा जिंकेल असं किती वाटतं? मग नुकतीच दोन डॉलरची पैज लावून खिडकीवरून बाजूला झालेल्यांनाही तेच विचारलं. पैज लावलेल्यांचा विश्वास रांगेतल्यांपेक्षा बराच जास्त निघाला. दोन गटांत फरक काही सेकंदांचा! एकदा पैसे (किंवा मत) टाकले की आपण आपल्याच निवडीचे वकील होतो. आणि वकील पहिल्याच वर्षी केस सोडत नाही.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. २३ जून २०१६ला तिथे युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल लागला, ५२ विरुद्ध ४८. दुसऱ्या दिवसापासून लोक पस्तावल्याच्या बातम्या सुरू झाल्या. प्रत्यक्षात पहिल्या वर्षभरातल्या चाचण्यांमध्ये "निर्णय बरोबर" आणि "निर्णय चूक" म्हणणारे जवळपास बरोबरीत राहिले. "चूक"चं पारडं स्पष्टपणे जड झालं ते त्यानंतरच्या काही वर्षांत, आणि त्यातही काही भाग मत बदलणाऱ्यांचा, तर काही भाग नव्याने मतदार झालेल्या तरुणांचा. पस्तावा आला, पण बातम्यांच्या वेगाने आला नाही.

*

गाडीतून उतरलो तेव्हा माझ्याकडे असा सगळा दारूगोळा होता. संध्याकाळी दुकानात बसून आप्पांना सांगायला लागलो. त्यांनी निम्मं ऐकलं आणि मधेच म्हणाले, "पंचाण्णवला मी युतीला दिलं होतं. तुझ्या आजोबांना न सांगता."

हे मला माहीत नव्हतं. आजोबा म्हणजे कट्टर काँग्रेसवाले. आप्पा तेव्हा बावीस वर्षांचे.

"मग एन्रॉनचं झालं तेव्हा?"

"तेव्हा आजोबांनी विचारलं की, पस्तावलास का म्हणून. त्यांना कळलंच होतं."

"मग?"

"काही बोललो नाही. शहाण्णवला परत तिथंच दिलं. आता विचारल्यावर आणि कसं बदलायचं?"

मी हसलो, पण आप्पा हसत नव्हते. मी म्हटलं, आणि नव्व्याण्णवला? तर म्हणाले, "ते नाही सांगत."

मग त्यांनी बैलाचं सांगितलं. नेकनूरच्या बाजारात बैलाचा सौदा पूर्वी रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे. बाजूला चार माणसं उभी असली तरी आकडा त्यांना कळायचा नाही. "बैल घरी आणला की गाव विचारायचंच, कसा निघाला? पहिल्या साली चांगलाच सांगायचा असतो. खोडी असली तरी. दुसऱ्या-तिसऱ्या साली गुपचूप बाजारात न्यायचा. कुणाला सांगायला जायचं नाही, की मी फसलो."

मला वाटतं, माझ्या सगळ्या आकडेवारीत जे सापडत नव्हतं ते इथे होतं. पस्तावा नसतो असं नाही. तो बोलून दाखवायची सोय नसते, आणि विचारणारा जितका जवळचा तितका माणूस घट्ट होतो. गुप्त मतदानाकडे आपण दहशतीपासून बचाव म्हणून बघतो, ते खरंच आहे. पण त्याचा आणखी एक उपयोग आहे, ज्याचा मी कधी विचार केला नव्हता. त्यात माणसाला चूक कबूल न करता चूक सुधारता येते. १९६७ पासून बीडने दोन प्रकारचे कम्युनिस्ट, दोन प्रकारची काँग्रेस, जनता दल (१९८९ला बबनराव ढाकणे), भाजप आणि दोन्ही अवतारांतली राष्ट्रवादी एवढं सगळं निवडून पाहिलं आहे. इतक्या वेळा मन बदलणाऱ्या जिल्ह्यात "होय, आमचं चुकलं" असं गावासमोर म्हणणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये तर कुणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं! मी गल्लीच्या मधोमध उभा राहून रुमाल ओढून घेतला होता.

*

आणखी एक गोष्ट, जी अलीकडच्या मतदाराला जास्त छळते. पस्तावा करायचा तर आपण निवडलेली वस्तू निदान जागेवर राहायला हवी. १९९६ला भाजपच्या खासदार झालेल्या रजनी पाटील पुढे काँग्रेसकडून राज्यसभेवर गेल्या. १९९८ आणि १९९९ला भाजपकडून जिंकलेले जयसिंगराव गायकवाड २००४ला राष्ट्रवादीकडून जिंकले. मतदाराने पक्ष बदलला की उमेदवारामागे गेला? २०१९ला परळीत धनंजय मुंडे विरुद्ध पंकजा मुंडे ही लढत राज्यभर गाजली. कुणाला निवडायचं यावरून घरं विभागली गेली, आणि २०२४ला दोघंही एकाच महायुतीत. २०१९चं मत चुकलं की बरोबर ठरलं, हे त्या मतदाराने कशावरून ठरवायचं?

आणि २०२४! मे महिन्यात बीडमध्ये पंधरा लाखांच्या आसपास मतदान झालं आणि बजरंग सोनवणे ६,५५३ मतांनी जिंकले. २० नोव्हेंबरला विधानसभा झाली, तेव्हा जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीला. मधे लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये खात्यात जमा व्हायला लागले होते. सहा महिन्यांत बीडकर पस्तावले? की दिल्लीसाठी एक आणि मुंबईसाठी एक असा वेगवेगळा विचार केला? ऊसतोडीचा हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता, मग रांगेत कोण होतं? एकाच आकड्यात ही सगळी उत्तरं कोंबता येत नाहीत.

मग ५ डिसेंबर २०२४ला शपथविधी झाला आणि चारच दिवसांनी आमच्या शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्या प्रकरणावरून उठलेल्या वादळात ४ मार्च २०२५ला धनंजय मुंडेंना मंत्रिपद सोडावं लागलं. त्या तीन महिन्यांत आमच्या भागात जो माणूस ज्या बाजूचा मानला जात होता त्याला हाच प्रश्न डोळ्यांनी विचारला जात होता. आता तरी? अण्णांनी वर्षभर तो झेलला होता. आप्पांनीही, वेगळ्या माणसांकडून. आणि वर्षपूर्तीच्या मुहूर्तावर मी तोच लेखी विचारला.

रविवारी सकाळी अण्णांकडे गेलो. सॉरी म्हणायचं ठरवून गेलो होतो, पण त्यांनी आधी बसायला सांगितलं, मग पुण्यातल्या जागेचं भाडं विचारलं, मग पगार. (हे ठरलेलंच.) शेवटी मीच म्हणालो, अण्णा, ते ग्रुपवरचं चुकलं माझं.

"तुला काय विचारायचं असेल ते हितं येऊन विचार की," ते म्हणाले. "सगळ्यांदेखत माणसं मोजायची असतात का?"

मी विचारलं नाही. विचारायचं राहिलंही नव्हतं काही.

निघताना आप्पांना म्हटलं, तुम्ही नव्व्याण्णवचं सांगत नाही ते राहू द्या, पण आजवर कशाचाच पस्तावा नाही का? ते म्हणाले, मताचा नाही. मत काय, पाच वर्षांनी फिरवता येतं. चोवीस सालच्या मे महिन्यापासून पंचवीसच्या पावसाळ्यापर्यंत सोळा महिने अण्णांसोबत चहा घेतला नाही, तो काळ काही परत मिळत नाही. एवढं बोलून ते गिऱ्हाईक बघायला उठले.

तेव्हा मंडळी, माझ्या वीकांताच्या संशोधनाचा निष्कर्ष फार मोठा नाही. पहिल्या वर्षानंतर मतदाराला पस्तावा होतो का, याचं उत्तर जे दोन नमुने मी तपासले त्यांत तरी "मतपेटीत दिसत नाही" असं आहे. सत्ता नंतर जाते, पण तीही अनेकदा विरोधक एकत्र आल्याने किंवा रुसलेले घरी परतल्याने. खरा पस्तावा कुणी किती केला हे त्या कागदावर शिक्का मारणाऱ्यालाच ठाऊक (आता बटण दाबणाऱ्याला), आणि ते तसंच असावं असं आता माझं मत झालं आहे. सरकारला पहिल्या वर्षाचा हिशोब जरूर विचारावा, अगदी कडक विचारावा. शेजाऱ्याला विचारू नये.

पोल मी काढून टाकला आहे. अण्णा अजून ग्रुपमध्ये परत आलेले नाहीत. पण आप्पा म्हणतात की चहा चालू आहे.